कोयत्यानं खुरपणी होत नाही

पत्र: काका, नमस्कार. मी शिराळा तालुक्यातला. वारणेच्या काठाला साडेचार एकर रान आहे. वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाची बारा बोरची दुनळी आहे, परवान्याला चाळीस वर्षं झाली. वडील आता ७४ वर्षांचे, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत. ऊस आणि भुईमूग, दोन्हीला रानडुकरांचा त्रास, वानरं वेगळीच. घर वस्तीवर, गेल्या साली बिबट्या गोठ्यापर्यंत आला होता. त्यात थोरली मुलगी (वय १३) शाळेतून एअर रायफल शूटिंगला जाते, कोच म्हणतात स्वतःची रायफल घ्या. मित्र म्हणतो, दुनळी जुनाट झाली, ती विकून आखूड नळीची, दुर्बीण आणि बॅटरी बसणारी एकच भारी बंदूक घे. नाहीतर दुनळीचीच नळी कापून आण. मुलीला २२ बोरची एअरगन घेतली तर सरावही होईल आणि वानरंही हाकलता येतील, असं माझ्या मनात आहे. सगळ्यात मिळून एकच काय घ्यावं? नाव छापू नका.

भाऊ, नमस्कार.

नाव छापलेलं नाही. पण आधी एक काम करा. मित्राला फोन लावा आणि सांगा, नळी कापायचा विषय परत काढू नकोस. शस्त्र कायदा १९५९ चा, त्याच्या कलम ६ मध्ये परवान्याशिवाय नळी आखूड करायला सरळ बंदी आहे. करवत चालवणारा आणि चालवायला लावणारा, दोघंही अडकतात. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तुमच्या दुनळीत जे काही शहाणपण आहे ते नळीच्या शेवटच्या दोन-तीन इंचातच आहे. ते कसं, ते पुढं सांगतो.

तुमच्या पत्रात ‘एकच’ हा शब्द दोनदा आलाय. घरात एकदा बघा: ऊस तोडायला कोयता आहे, भुईमूग खुरपायला खुरपं आहे, जळण फोडायला कुऱ्हाड आहे. या तिघांऐवजी एकच भारी हत्यार घ्या असं कुणी सांगितलं तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. बंदुकीच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसं एका दगडात तीन पक्षी मारायला निघतात. फौजेत बावीस वर्षं आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो, नंतर काही वर्षं एका परवानाधारक दुरुस्तीच्या दुकानात बसलो. तिथं येणारं निम्मं गिऱ्हाईक हाच प्रश्न घेऊन यायचं.

गंमत अशी की कायद्यानं हे कधीच ओळखलंय. कलम १३ वाचा. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूक, नळी २० इंचांपेक्षा कमी नको. पीक राखायला ठासणीची बंदूक. तिनं भागत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तरच दुसरी गुळगुळीत नळीची. आणि निशाणेबाजीच्या सरावासाठी, मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला, पॉइंट २२ ची रायफल किंवा एअर रायफल. तीन कामं, तीन हत्यारं. तुमच्या पत्रातली तिन्ही कामं त्या एका कलमात जवळजवळ त्याच क्रमानं बसलीत.

आता दुनळी. ती जुनाट नाही, जुनी आहे.

बारा बोर म्हणजे काय, हे चाळीस वर्षं बंदूक घरात असून बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातल्या एका गोळ्याच्या मापाची नळी ती बारा बोर, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणून इथं आकडा वाढला की नळी बारीक होते. सोळा बोर बारापेक्षा लहान. पॉइंट २२ चा हिशेब वेगळा, तो इंचाचा. २२ बोर बारा बोरपेक्षा मोठी असं समजून भांडणारी माणसं मी पाहिलीत.

रायफलीच्या नळीत आटे असतात, गोळी त्यात पिळा खात जाते आणि भोवऱ्यासारखी सरळ राहते. तुमच्या दुनळीत आटे नाहीत. छर्रे सुटतात आणि पसरत जातात. ते किती पसरावेत हे ठरवतो तो चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी दिलेली जेमतेम एखाद्या मिलिमीटरची आवळण. पुरता आवळलेला चोक असला तर चाळीस यार्डांवर तीस इंचांच्या गोलात शंभरातले सत्तरेक छर्रे पडतात. चोक नसलाच तर चाळीसेक. बहुतेक दुनळ्यांत उजव्या नळीला चोक कमी आणि डाव्या नळीला जास्त असतो. पुढचा चाप उजवीचा, मागचा डावीचा. म्हणजे जवळचं आणि लांबचं, दोन्ही एकाच दस्त्यावर. मित्र जी नळी कापायला सांगतोय, तिच्यात हे सगळं भरलंय. कापली की दोन्ही नळ्या सारख्याच फुटक्या पिचकारीसारख्या होतील.

दुर्बिणीचं म्हणाल, तर ती रायफलीला. छर्ऱ्याच्या बंदुकीनं कुणी नेम धरत बसत नाही, बोट दाखवल्यासारखी ती रोखतात. नळीच्या टोकावरचा पितळी मणी तेवढ्यासाठी पुरतो. आणि नळीला बांधलेली बॅटरी? जरा डोळे मिटून बघा. रात्री दोन वाजता गोठ्याकडं खुडबुड झाली. काय आहे ते बघायला तुम्ही उजेड टाकलात. उजेड जिथं, तिथं नळी. आणि उजेडात उभी आहे तुमची बायको, म्हशीला वैरण टाकायला उठलेली. बॅटरी डाव्या हातात असू द्या, बंदुकीला नको.

दुनळीचा आणखी एक गुण पैशात मोजता येत नाही. ती बिजागरीवर उघडून हातावर टाकली की दहा पावलांवरच्या माणसालाही दिसतं, आत काही नाही. पंप ॲक्शनमध्ये, म्हणजे नळीखालची मूठ मागंपुढं ओढून चालवायच्या बंदुकीत, नळीखालच्या नळकांड्यात काडतूस राहिलंय का हे हात घालून बघावं लागतं. घरात पोरं असताना मला हा फरक मोठा वाटतो.

पण एक गोष्ट तपासल्याशिवाय त्या दुनळीत काडतूस घालू नका, वडिलांनाही घालू देऊ नका. दुकानात असताना एकदा असाच एक शेतकरी आला. आजोबांच्या वेळची विलायती दुनळी, दस्ता अक्रोडाचा, हात फिरवावा असा. तक्रार काय, तर हल्ली खांद्याला फार दणका बसतो आणि बिजागरी खिळखिळी झालीय. मी नळ्या उतरवल्या, पालथ्या केल्या, चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या भागाच्या, खालचा सपाट भाग चिंधीनं पुसला. तिथं मापाचा ठसा होता: अडीच इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर. खिशातून त्यानं काढली ती काडतुसं ७० ची. तो म्हणाला, ‘पण साहेब, बसतात की व्यवस्थित!’ बसणारच. काडतुसाचं तोंड घडी घालून मिटलेलं असतं, तेव्हा ते आखूड असतं. ७० हे माप उडाल्यावर उलगडलेल्या पुंगळीचं. ६५ च्या चेंबरमध्ये ती घडी पुढं नळीच्या निमुळत्या भागात जाऊन उघडते, छर्ऱ्यांची वाट तुंबते आणि आतला दाब भलता वाढतो. खांद्याला बसणारा दणका त्याचाच होता. आणखी काही वर्षं चालवली असती तर बिजागरीवर थांबलं नसतं.

हल्ली दुकानात सर्रास मिळतात ती ७० ची. म्हणून तुमच्या दुनळीखालचा आकडा कुठला, हे कळल्याशिवाय मी पुढं काही सांगणार नाही. नळी प्रकाशाकडं धरून आतून बघा, काळे खड्डे असतील तर तेही लिहा. हे काम वडिलांच्या समोर करायचं. बंदूक त्यांच्या नावावर आहे.

आणि इथंच तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली. तुम्ही लिहिलेलं नाही, पण ओळींच्या मधे दिसतंय: वडिलांची ऑपरेशनं झाल्यापासून रात्री बंदूक घेऊन रानात तुम्हीच जाता. जाऊ नका. परवाना माणसाला असतो, घराला नसतो. बापाच्या परवान्यावर मुलानं रात्री बंदूक फिरवणं हा गुन्हाच आहे. रस्ता मात्र सोपा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत तरतूद आहे की परवानाधारक सत्तरीचा झाला, किंवा बंदूक त्याच्याकडं पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी घडेल तेव्हा वारसाच्या नावावर परवाना मागता येतो. तुमचे वडील दोन्हींत बसतात. त्यांच्या हयातीतच अर्ज करा, बहिणी असतील तर त्यांची ना-हरकत घ्या, शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण घ्यावं लागेल तेही घ्या. माणूस गेल्यावर बंदूक आधी जमा करावी लागते आणि मग कागदांची रांग लागते. निवडणुकीत आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा करायला वडिलांबरोबर तुम्हीच जात असाल, तेव्हा तिथलं टेबल तुम्हाला ओळखीचं आहे. दुनळी विकण्याआधी एवढंही लक्षात घ्या, की आता एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. २०१९ पर्यंत तीन होत्या. ज्यांना खरंच लागते त्यांच्यासाठी चांगली दुनळी ही विकायची वस्तू नाही.

डुकरांचं बोलू. लोकांना वाटतं, शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना. तसं नाही. परवाना बंदूक बाळगायचा. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहे, वनखात्याच्या लेखी हुकमाशिवाय ते मारणं गुन्हा, आणि हुकमानं मारलं तरी मेलेलं जनावर सरकारचं. मटणाचे वाटे घालायची जुनी सवय त्यामुळं फार महागात पडते. आणि हत्यार म्हणून बघितलं तरी गणित जमत नाही. सहा नंबरच्या काडतुसात बारीक छर्रे दोनशेहून जास्त असतात. ते डुकराच्या कातडीवर बसले की त्याला राग येतो, मरण येत नाही. जखमी डुक्कर उसात शिरलं की दुसऱ्या दिवशी पाणी पाजायला जाणाऱ्या माणसाच्या मांडीवर ते येतं. एलजी नावाच्या काडतुसातले मोठे छर्रे लांब जातात, आणि तुमच्या रानात ‘लांब’ म्हणजे काय? बांधापलीकडं दुसऱ्याचा ऊस. उसाचा फड हिरवी भिंत दिसतो, पण त्यानं गोळी थांबत नाही. हंगामात त्याच्या मागं तोडकऱ्यांच्या खोपी असतात. बारीक छर्रेसुद्धा दोनशे मीटरपर्यंत जाऊन पडतात, पॉइंट २२ ची एवढीशी गोळी दीड किलोमीटर जाऊ शकते. वारणाकाठाला दीड किलोमीटर मोकळं रान मला दाखवा.

त्यापेक्षा सौर कुंपण. वनखात्याच्या योजनेत त्याला अनुदान असतं, वनपालाकडं चौकशी करा. फक्त घरच्या लाइटचा आकडा तारेला टाकू नका. त्यानं माणसंही मरतात. नुकसान झालं की पंचनामा करून भरपाई मागा, चांदोलीच्या अंगाची गावं मागतातच. प्लॅस्टिकच्या पाइपात कार्बाइड घालून आवाज काढायची ‘गन’ बाजारात येते, तीही आणू नका. वाजली नाही म्हणून माणूस तोंडाशी डोळा नेतो आणि तेव्हाच ती वाजते.

वस्तीवरच्या भीतीला माझं उत्तर थोडक्यात. बिबट्या गोठ्यापर्यंत येतो तो रेडकासाठी आणि कुत्र्यासाठी. गोठ्याला जाळी आणि दार, अंगणात उजेड, आणि वनखात्याचा १९२६ नंबर फोनमध्ये. चोरासाठी ११२. बंदूक कुलपात आणि काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवली, आणि ती तशीच ठेवायला हवीत, तर झोपेतून उठून दोन्ही किल्ल्या सापडेपर्यंत चोर वेशीपलीकडं गेलेला असतो. आणि किल्ल्या लावल्याच नाहीत तर तुमच्याकडं तेरा वर्षांची मुलगी आहे. मधल्या भिंती पत्र्याच्या असतील तर एलजीचा छर्रा त्यातून आरपार जातो, हेही डोक्यात असू द्या. लहान पिस्तूल-रिव्हॉल्व्हर तर घेऊच नका. वर्षाला शंभर गोळ्या रेंजवर मारणार नसाल तर त्या तीन-चार इंची नळीनं खोलीच्या पलीकडची भिंत लागली तरी नशीब.

आता मुलीचं. खरं तर मला याच भागाचं उत्तर द्यायचं होतं, बाकीचं रेटून पुढं आलं.

२२ ची एअरगन घेऊ नका. एअरगन पॉइंट १७७ ची, म्हणजे साडेचार मिलिमीटरची, आणि तिचा जोर २० जूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. २२ ची एअरगन साडेपाच मिलिमीटरची. माप ओलांडलं की परवाना लागतो. आणि एअर रायफलीच्या १० मीटरच्या स्पर्धेत चालते फक्त साडेचारची. म्हणजे जी घेऊन स्पर्धेत उतरता येणार नाही ती घेऊन मुलगी सराव करणार, आणि वानरांना जखमी करणार. वानर संरक्षित आहे. शिवाय १० मीटरच्या रायफलीचा जोर साडेसात जूलच्या आसपास, छर्ऱ्याचं वजन अर्धा ग्रॅम. ती बनलीय कागदाला स्वच्छ गोल भोक पाडायला. म्हणून तिचे छर्रेसुद्धा चपट्या तोंडाचे असतात, टोकदार नाहीत. टोकदार छर्रा कागद फाडतो आणि गुणांवरून वाद होतो. त्या निशाणावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे. ज्वारीच्या दाण्याच्या टोकावर पेनानं टिंब द्या, तेवढा.

कोचना पहिला प्रश्न विचारा: ओपन साइट की पीप साइट? आपल्याकडं दोन्हींच्या स्पर्धा वेगळ्या होतात. ओपन साइटला साधी खाच आणि खुंटी. पीपमध्ये मागं बारीक भोक, पुढं कडं, त्या कड्यात निशाणाचा काळा गोल. कंकणात कंकण दिसलं पाहिजे. आंतरराष्ट्रीय स्पर्धा पीपची. दुर्बीण तिथंही चालत नाही, मित्राला सांगा. ओपन साइटला सुरुवात साध्या रायफलीनं होते. पीपच्या चांगल्या रायफली हवा भरलेल्या सिलिंडरच्या, २०० बार दाबाच्या, लाखाच्या पुढं जातात. जुनी घेणार असाल तर सिलिंडरवरची मुदत वाचा. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि जवळ बाळगूही नये.

दुसरं, वजन. नियमात १० मीटरची रायफल साडेपाच किलोपर्यंत, असं आहे. ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा. दुकानदार म्हणतो स्पर्धेचीच घ्या, आणि बाप पैसे टाकतो. स्पर्धेत साठ गोळ्या, सव्वा तास. तेरा वर्षांच्या पोरीच्या हातात साडेपाच किलो दिले तर पंधराव्या गोळीला तिची कंबर मागं जाते, तिसाव्याला खांदा वर येतो, आणि ती सवय नंतर मोडायला वर्ष जातं. तिला चार किलोच्या आसपासची, लहान मुलांसाठी केलेली बघा.

तिसरं, दस्ता. जुन्या .३०३ रायफलींचे दस्ते वेगवेगळ्या लांबीचे यायचे, आखूड-लांब असं अक्षरच ठोकलेलं असायचं. उंच जवानाला आखूड दस्ता मिळाला की अंगठा नाकावर बसायचा आणि ओठ फुटायचा. मुलीची रायफल अशी हवी की खांद्याची पट्टी मागंपुढं आणि गालाची पट्टी वरखाली सरकते. तिची उंची अजून वाढेल, दस्ता तिच्याबरोबर वाढला पाहिजे. दुकानात गेलात की तिला रायफल धरायला सांगा, डोळे मिटायला सांगा, दोन श्वास घेऊ द्या आणि मग डोळे उघडायला सांगा. मान न हलवता भोकातून दिसत असेल तर दस्ता तिचा. गालापर्यंत दस्ता आला पाहिजे. दस्त्यापर्यंत मान न्यावी लागत असेल तर ती रायफल दुसऱ्याची.

त्याच्याही आधी घरी एक बघून घ्या. दोन्ही हात पुढं लांब करून तळव्यांमध्ये छोटं भोक करायला सांगा आणि त्यातून तुमच्याकडं बघायला सांगा. तुम्हाला भोकात तिचा जो डोळा दिसेल तो तिचा मालक डोळा, नेम धरताना पुढाकार घेणारा. उजव्या हाताच्या मुलीचा डावा डोळा निघाला तर रायफल घ्यायची घाई करू नका, आधी कोचशी बोला. दस्ते डावे-उजवे वेगळे असतात.

आणि लगेच घ्यायलाच हवी असं कुठं आहे? निदान सहा महिने क्लबच्या रायफलीवर काढू द्या. तोवर जॅकेट आणि हातमोजा घ्या, ते अंगाच्या मापाचे लागतात. पलीकडं कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी गाव आहे, तिथल्या स्वप्नील कुसळेनं २०२४ ला पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, ब्राँझ आणलं. मुलीला त्या प्रकारातल्या रायफलीचा फोटो दाखवा. अंगठ्याला भोक, गालाला पट्टी, खांद्याला हुक, सगळं स्क्रूवर, वजन आठ किलोपर्यंत चालतं. तिच्याकडं बघून कुणालाही कळेल की हिच्यानं दुसरं एकही काम होणार नाही. डुकरामागं नेली तर पहिल्या बांधावरच कुठंतरी अडकून बसेल.

तेव्हा पुढच्या पत्रात तीनच गोष्टी कळवा: नळीखालचा आकडा ६५ की ७०, मुलगी ओपन की पीप, आणि तिचा मालक डोळा कुठला.